ग्लास काळा येतोय

(फोटो स्टुडिओतली मेकअपची खोली. बाहेर वाइनच्या जाहिरातीचं शूटिंग मध्येच थांबलं आहे.)

ताई : दार लाव. आणि कडी घाल.

छकू : कडी कशाला? एवढं काय गुपित आहे?

ताई : घाल आधी. हं. आता तो ग्लास इकडे दे.

छकू : कुठला?

ताई : हातात आहे तो. सेटवरचा ग्लास घेऊन मेकअपच्या खोलीत कोण येतं?

छकू : तूच म्हणालीस ना, हाताला सवय होऊ दे. दांडी कशी धरायची, करंगळी कुठं ठेवायची. आम्हा हातांच्या मॉडेलांचं तोंड तर कुणी बघत नाही, निदान हातांनी तरी अभ्यास करावा म्हटलं.

ताई : छकू, दे.

छकू : घे बाई. अगं, वास काय घेतेस? बीटाचं पाणी आहे ते.

ताई : बीटाचं पाणी असतं तर लाल आलं असतं. मघापासून तो फोटोग्राफर दिवे पुढं सरकवतोय, मागं सरकवतोय. ग्लास काळा येतोय, मॅडम, ग्लास काळा येतोय. सारखं तेच. मला कळेना, सकाळी छान लाल येत होता, आता काय झालं.

छकू : मग काय झालं?

ताई : खरी रेड वाइन दिव्यांपुढे काळी येते. शाई ओतल्यासारखी. म्हणून वाइनच्या जाहिरातीत वाइन कधीच नसते. बीट उकळून त्याचं पाणी करतात, त्यात आणखी पाणी घालतात, तेव्हा कुठं ते वाइनसारखं दिसतं. तुला माहीत नव्हतं?

छकू : नव्हतं. मी आपली हातांपुरती. माहीत असतं तर थोडं बीटाचं पाणी तसंच राहू दिलं असतं.

ताई : विनोद करू नकोस.

छकू : मग काय करू? तू वास घेतलास ना? आता काय उरलं?

ताई : लेबल दाखवायला कंपनीनं एक बाटली दिली होती. मी माझ्या हातानं टेबलाखाली ठेवली होती, बूच न काढलेली. आता ती अर्धी आहे.

छकू : अर्ध्यापेक्षा जरा जास्तच असेल. नीट बघ.

ताई : छकू!

छकू : हळू बोल. बाहेर ऐकू जातं. पातळ फळीचं दार आहे.

ताई : सकाळी तुझा हात थरथरत होता.

छकू : एसी केवढा लावलाय इथं. माणसं ठेवायची की मटार?

ताई : एसी अजून तेवढाच आहे. चहाच्या सुट्टीनंतर मात्र हात थांबला. एकदम थांबला. मी वेडी, खूश झाले. म्हटलं, चला, बाईसाहेबांची भीड चेपली.

छकू : चेपलीच की.

ताई : मग ग्लास काळा यायला लागला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. हात थांबला तेव्हापासूनच ग्लास काळा येतोय.

छकू : तुला शाळेत असल्यापासून असले शोध लावायची हौस. आईच्या पिशवीतली चॉकलेटं कुणी खाल्ली, तेसुद्धा तूच शोधायचीस.

ताई : सकाळी उठल्यावर रोज थरथरतो?

छकू : रोज नाही.

ताई : खरं सांग.

छकू : बहुतेक रोज. दुपारपर्यंत बरा असतो.

ताई : आपोआप बरा होतो?

छकू : तू वकील व्हायला हवी होतीस.

(दारावर थाप)

फोटोग्राफर : मॅडम, आहात का आत? जरा उघडता का?

ताई : आले. हं, बोला.

फोटोग्राफर : अहो, सापडलं! सकाळचे फोटो शेजारी ठेवून बघितले, ग्लासातलं पाणीच बदललं होतं कुणीतरी. दुसरा ग्लास भरून ठेवलाय, असा लालभडक, की माझाच घसा कोरडा पडला. आता फक्त हात हवा. आणि छकूताई, तुम्हाला एक सांगतो, सकाळी मी मनात म्हटलं, या बाईंना हिव भरलंय की काय. पण आताचा हात म्हणजे काय! दगड! मी इतकी वर्षं हात काढतोय, सोन्याच्या बांगड्यांचे काढले, भांड्याच्या साबणाचे काढले, पण असा स्थिर हात नाही बघितला.

छकू : आभारी आहे हं. घरी सांगते.

फोटोग्राफर : सांगा, सांगा. मॅडम, कंपनीचे साहेब निघालेत. बरोबर त्यांच्या मिसेसही आहेत. म्हणजे आता मतं दुप्पट. ते यायच्या आत दोन फ्रेम काढून टाकू. दहा मिनिटांत येता?

ताई : येतो. तुम्ही व्हा पुढं.

फोटोग्राफर : आणि त्या हाताला काही लावू नका आता. क्रीमबीम काही नको. आहे तस्सा आणा.

ताई : हो हो. दार ओढून घ्या.

छकू : चांगला माणूस आहे बिचारा. चल, बोलावतोय.

ताई : बस. कधीपासून चाललंय हे?

छकू : हे म्हणजे काय? वाइनच ना? अगं, वाइन म्हणजे काय दारू आहे का? हे वाक्य कुणाचं गं?

ताई : माझं. याच कंपनीच्या जाहिरातीसाठी लिहिलेलं.

छकू : तुझंच. माझ्या स्वयंपाकघरात बसून सुचलेलं. मी फरसबी चिरत होते, ओट्यावर माझा एक ग्लास होता, आणि तू एकदम म्हणालीस, थांब, हलू नकोस. मला वाटलं अंगावर पाल पडली.

ताई : तेव्हा तू एकच ग्लास घ्यायचीस. अर्धा तर तसाच राहायचा. तुझी पिल्लू नुकती झोपलेली असायची, नवरा तुझा जहाजावर. दिवसभरात तेवढीच तुझी वेळ होती. तो ग्लास बघून मला इतकं छान वाटलं होतं, छकू, अगदी मनापासून. त्यात खोटं काही नव्हतं.

छकू : खोटं कोण म्हणतंय? म्हणून तर चालली जाहिरात. "संध्याकाळ माझीसुद्धा." चौकात एवढा मोठा फलक. माझा हात दुमजली घराएवढा, शेजारी फरसबी, शेजारी ग्लास. पिल्लू शाळेत जाता-येता ओरडायची, आईचा हात, आईचा हात! बसमधली माणसं वळून बघायची.

ताई : तुला आवडलं होतं ते.

छकू : खूप आवडलं होतं. मला आयुष्यात कुणी एवढं मोठं केलं नव्हतं.

ताई : आणि मग?

छकू : मग काही नाही. एकाचे दोन झाले. हात मोठा झाला तसा ग्लासही मोठा झाला असेल.

ताई : आता किती?

छकू : आता ग्लास नसतो. तो लांब दांड्याचा ग्लास धुवायचा कोणी? पिल्लूचा ससा काढलेला मग आहे, त्यातून पिते. बघणाऱ्याला कॉफीच वाटते. दुपारी मैत्रिणींचे व्हिडिओ कॉल येतात ना, तेव्हा त्यांच्याही हातात मग असतात. आम्ही एकमेकींना विचारत नाही, काय पितेस.

ताई : दुपारी?

छकू : तुझ्या तोंडाकडे बघ. सेटवरचे दिवे गेल्यासारखं झालंय.

ताई : जावईबापूंना माहीत आहे?

छकू : ते वर्षातले निम्मे दिवस पाण्यावर. घरी येतात तेव्हा मी शहाण्यासारखी वागते. त्यांनाच कौतुक. येताना दर बंदरातून एक बाटली घेऊन येतात. बायकोची आवड म्हणून.

ताई : आणि आईला?

छकू : आईला तू पत्रकं वाचून दाखवलीस ना, हृदयाला चांगली असते म्हणून? परवा मला म्हणते, अगं, फिकी दिसतेस, घेतेस ना वेळच्या वेळी? टॉनिकच झालंय तिच्या लेखी.

ताई : देवा रे.

छकू : देवाचं नाव कशाला घेतेस, त्याचा काही संबंध नाही.

ताई : माझाच संबंध आहे. मीच केलं हे. मी दर महिन्याला तुझ्याकडे खोकी पाठवत होते. कंपनीकडून येतात, आपल्याकडे कोण पितं, छकूकडे पाठवा. आणि सुपरमार्केटमध्ये वाइन कोपऱ्यातल्या कपाटात असायची, ती भाज्यांच्या शेजारी आणायला मीच लावली. मीटिंगमध्ये मीच सांगितलं, बाईला वेगळं वळून जावं लागू नये, टोमॅटो घेताना हाताला लागली पाहिजे. टाळ्या वाजल्या होत्या. माझ्यामुळे झालं हे सगळं.

छकू : झालं तुझं?

ताई : काय?

छकू : तेवढं श्रेय नको घेऊस. जाहिरात तर सगळ्या गावानं बघितली. शेजारच्या वहिनींनी बघितली, त्या महिन्यातून एकदा घेतात आणि पुढं चार दिवस त्याचंच बोलतात. मी प्यायले ती मी प्यायले. मला रात्री झोप येत नव्हती, घर खायला उठायचं, पिल्लू रडली की माझ्या अंगावर काटा यायचा. तुला फोन करायचे तर तू मीटिंगमध्ये. वाइन मीटिंगमध्ये नसायची.

ताई : मी नंतर उलट फोन करायचे.

छकू : करायचीस. तोवर मला बरं वाटलेलं असायचं.

ताई : छकू, आपल्या घरात बाबांची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून यायची. आठवतं? आई ती कपड्यांच्या कपाटात ठेवायची, पाहुणे आले की आपण दोघी त्या दारापुढे उभ्या राहायचो. मी तेव्हा ठरवलं होतं, ही लाज नकोच. प्यायचं तर उजेडात, टेबलावर, चार माणसांत, बायकांनीसुद्धा. त्यात कुणाला मार नाही, शिवी नाही. मी एवढंच करायला गेले.

छकू : माहीत आहे गं. पण बाबांना निदान लाज वाटायची. लपवायचं म्हटलं की माणूस थोडा तरी थांबतो. कुणी घरी असलं की थांबतो, कपाटाला कुलूप असलं की थांबतो. मला थांबायला तू जागाच ठेवली नाहीस. टेबलावर आहे, ओट्यावर आहे, भाजीच्या पिशवीत आहे. वाढदिवसाला तीच, घरी बोलावलं तर तीच, बरं नाही म्हटलं तर तीच.

ताई : मग आज का लपवलीस? ग्लासात गुपचूप का भरलीस?

छकू : घराबाहेर पहिल्यांदाच लपवली. आणि बघ ना, पहिल्यांदाच सापडले. सवय नाही.

ताई : हसू नकोस ना गं.

छकू : हसले नाही तर रडेन, आणि मग तुझा मेकअपवाला ओरडेल.

ताई : हाताला कुठं मेकअप असतो.

छकू : असतो बाई. नखांना दोन थर लावलेत.

फोटोग्राफर : (बाहेरून) मॅडम! साहेबांची गाडी पुलापर्यंत आलीय! हात येतोय ना?

ताई : येतोय! दोन मिनिटं!

छकू : चल मग.

ताई : थांब. ऐक. आपण असं करू. आता ह्या दोन फ्रेम देऊन टाक. हात आत्ता स्थिर आहे. काम झालं की मी सगळं बघते. डॉक्टर बघते, सुट्टी काढते, तुझ्याकडे येऊन राहते. पण हे आज झालं पाहिजे, छकू. हे काम माझ्या हातून गेलं ना, तर माझ्या टीममधली पोरं घरी बसतील. त्यातल्या एकीचं बाळ लहान आहे. देशील दोन फ्रेम?

छकू : देते की. मी कुठं नाही म्हणतेय? केव्हाची उठून उभी आहे मी.

ताई : शहाणी माझी.

छकू : पण दोनच हं. मग मला पळायचंय. पिल्लूची शाळा सुटेल.

ताई : कशी जाणार?

छकू : कशी म्हणजे? गाडीनं. विमान आज दुरुस्तीला दिलंय.

ताई : तू गाडी घेऊन आलीस?

छकू : रोजच घेऊन जाते. तिच्या शाळेची बस बंद झाली तेव्हापासून मीच सोडते, मीच आणते.

ताई : किल्ली दे.

छकू : कशाला?

ताई : तू नाही चालवायची गाडी. अर्धी बाटली आहे पोटात. किल्ली दे इकडे, मी ड्रायव्हर पाठवते ऑफिसचा.

छकू : तो अनोळखी आहे, शाळेवाले त्याच्या हातात देणार नाहीत. आणि मला काही झालेलं नाही. बघ, हात बघ. दगड आहे, तुझा फोटोग्राफरच म्हणाला.

ताई : छकू, मूर्खपणा करू नकोस. पोर असते गाडीत.

छकू : एक मिनिट. मला समजावून सांग. ह्याच हाताचा फोटो आता काढायचाय ना? चौकात लावायचाय, एवढा मोठा? हात उत्तम आहे, स्थिर आहे, काही लावू नका, आहे तस्सा आणा. मग फोटोला चालतो तो हात, आणि स्टिअरिंगला का नाही चालत?

ताई : ते वेगळं.

छकू : काय वेगळं?

ताई : फोटोत कुणी मरत नाही.

छकू : बरं. मग चल, काढू फोटो. किल्ली माझ्याजवळ राहू दे. अशी काय बघतेस? तो दाराशी येईल आता. ताई? अगं, चल ना. मला भीती वाटते तू असं बघितलंस की. लहानपणी आई अशी बघायची.

ताई : मी आत्ता तुला म्हटलं, दोन फ्रेम दे.

छकू : म्हटलंस. म्हणून काय झालं, काम आहे तुझं.

ताई : मला कळलं होतं, हात का थांबलाय ते. माहीत असून म्हटलं, आत्ता स्थिर आहे तोवर काढू.

छकू : जाऊ दे ना.

ताई : नाही जाऊ देत. सरक, दार उघडू दे. अहो! ऐकलंत का? इकडे या जरा.

फोटोग्राफर : आलो, आलो. चला छकूताई, दिवे तापलेत. साहेब खाली गाडी लावतायत.

ताई : दिवे बंद करा. आजचं शूटिंग रद्द.

फोटोग्राफर : अहो मॅडम, थट्टा करू नका, माझा रक्तदाब आहे.

ताई : थट्टा नाही. ओट्याचा सेट उतरवायला सांगा.

फोटोग्राफर : उतरवायला? अहो, जाहिरातच ओट्याची आहे! साहेबांना काय सांगू? मिसेसपण आल्यात. नवी साडी वगैरे नेसून आल्यात त्या.

ताई : साहेबांना मी संध्याकाळी भेटते म्हणावं. मीच बोलेन.

फोटोग्राफर : पण कारण काय सांगू? हात बिघडला म्हणू?

ताई : हात चांगला आहे. माझी बहीण आजारी आहे.

फोटोग्राफर : अरे. काय होतंय, छकूताई? दिसत तर नाही काही.

छकू : नाही दिसत ना? तीच तर गंमत आहे.

फोटोग्राफर : बरं बरं. मी बघतो खाली. पाणी पाठवू का? साधं पाणी. तुम्ही बसा. काळजी घ्या हं.

छकू : गेला. बिचाऱ्याचा रक्तदाब. ताई, काम जाईल तुझं.

ताई : जाईल बहुतेक.

छकू : आणि तुझी ती पोरं? लहान बाळवाली?

ताई : माहीत नाही. आज नको विचारूस. शाळेत मावशीच्या हातात देतात ना मुलीला?

छकू : देतात. तुझं नाव सांगून ठेवलंय. तू कधी गेलीच नाहीस.

ताई : आता जाते. किल्ली दे, छकू.

छकू : आणि मी?

ताई : तू इथंच बस. मी तिला घेऊन येते, मग तिघी तुझ्या घरी जाऊ. मी राहणार आहे तिकडे. उद्या सकाळी आपण दोघी दवाखान्यात जाऊ.

छकू : उद्या सकाळी हात पुन्हा थरथरेल.

ताई : थरथरू दे. डॉक्टरला दिसायला हवा.

छकू : मी घाबरलेय गं. ओरडून सांगू का बाहेर? मी घाबरलेय.

ताई : मीपण घाबरलेय. दे.

छकू : ही घे. मोठी किल्ली दरवाज्याची, बारकी गाडीची. ब्रेक जरा खाली लागतो. आणि पिल्लूला मागच्या सीटवर बसव. ती ऐकणार नाही, पुढंच बसते म्हणेल.

ताई : एवढीशी पोर पुढं कशाला बसते?

छकू : आमचा खेळ असतो. सिग्नल आला की ती सांगते. लाल, आई. हिरवा, आई. पुढची गाडी जवळ आली की म्हणते, आई, हळू. मी गप्प झाले की गालाला हात लावून बघते.

ताई : कधीपासून?

छकू : तिला वाटतं, गाडी अशीच चालवतात. एक मोठं माणूस आणि एक सांगणारं.

ताई : छकू...

छकू : तू जा आता, शाळा सुटेल. तू चालवतानाही ती सांगायला लागेल. तुला गरज नाही, पण सांगू दे तिला. एकदम गप्प बस म्हणू नकोस. तिला वाटेल, तिचंच काहीतरी चुकलं.